बुधवारचे आजोबा

१२ मे २००४, बुधवार

ढगाळ. अकरा अंश. पोस्टात एकच पत्र, विमा कंपनीचं, सुधाच्या नावाने. शेरा लिहून परत पाठवलं. दुपारी ब्रेड आणला, अर्धा. चार वाजता फ्राऊ ब्राखमान वर आल्या.

फ्राऊ ब्राखमान आमच्या घरमालकीण. वय चौऱ्याऐंशी. त्या खाली राहतात, आम्ही तेवीस वर्षं वर राहतो. मी राहतो. सुधाला जाऊन येत्या शनिवारी तीन महिने होतील. एवढ्या काळात त्या वर आल्या नव्हत्या, म्हणून मला वाटलं जिना झाडायची माझी पाळी चुकली. चुकली नव्हती.

त्या म्हणाल्या, "हेर लिमये, तेरा बुधवार झाले. आजोबा १९०९ सालात अडकून पडलेत."

हे आजोबा म्हणजे एर्न्स्ट ब्राखमान. जर्मन शिपाई म्हणून ते, लहान मुलाला गावी ठेवून, १९०३ साली दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत गेले, लढाई संपल्यावर तिथेच जमीन घेऊन राहिले, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांना परत पाठवलं गेलं. त्यांची एक जाड डायरी आहे. ती जुन्या जर्मन लिपीत आहे. सुधा पुण्यात असताना दप्तरखान्यात मोडीचे कागद वाचायची. इथे जर्मनीत आल्यावर तिने संध्याकाळच्या वर्गात ही लिपी शिकून घेतली. म्हणाली होती, "अहो, ही मोडीचीच बहीण. हात उचलायचा नाही आणि वाचणाऱ्याची कीव करायची नाही." तीन वर्षं दर बुधवारी चार वाजता ती खाली जाऊन फ्राऊ ब्राखमान यांना त्यांच्याच आजोबांची डायरी वाचून दाखवायची. आपल्याकडे आजोबांची मोडी नातवंडांना येत नाही, तसंच इथे. येन्स म्हणून त्यांच्या भावाचा नातू आहे, शाळेत इतिहास शिकवतो, त्यालाही एक ओळ लागत नाही.

मी म्हणालो, मला ते अक्षर येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्नीने तक्ता केलाय. आणि तुम्ही कारखान्यात मापाची गेज तपासणारे. शिकाल. माझे डोळे आता काही कामाचे नाहीत." बोलताना त्यांचं माझ्या शर्टाच्या लोंबणाऱ्या गुंडीकडे लक्ष गेलं. सुई मागून तिथेच गुंडी लावून दिली. वयाच्या मानाने दोरा पहिल्याच झटक्यात ओवला.

जाताना मुरंब्याची बाटली दिली. चिठ्ठीवर नुसत्या टोकदार रेघोट्या, डॉक्टरचं अक्षर बरं. सुधा बाटली न उघडता सांगायची आत काय आहे ते. वासावरून ओळखत असावी. मी उघडून पाहिलं. आलुबुखार.

१६ मे, रविवार

सूर्यप्रकाश. सतरा अंश. सुधाची वही काढली. डाव्या बाजूला डायरीची नक्कल साध्या रोमन अक्षरांत, उजव्या बाजूला तिच्या हातचं मराठी, पेन्सिलने. उजवी बाजू खासगी असेल म्हणून तिच्यावर कागद ठेवला आणि डावीच पाहिली.

ह्या लिपीत ई एनसारखा दिसतो. एन यूसारखा. यूवर एक आकडी असते, ती एर्न्स्ट ब्राखमान लावायचे विसरतात. आमच्याकडे असा ड्रॉइंग काढणारा माणूस आठवडाभर टिकला नसता. तीन तासांत चार ओळी. सहनशक्तीची मर्यादा: पाच ओळी.

१९ मे, बुधवार

पाऊस. बारा अंश. चार वाजता खाली गेलो. केक होता. मी वाचलं: "दोन वासरं मेली. कुंपणाची तार अजून आली नाही. वारा." वर पाहिलं तर फ्राऊ ब्राखमान खिडकीबाहेर बघत होत्या.

"पुढे?"

"एवढंच तयार झालंय."

"हो, हो." मग म्हणाल्या, "फेब्रुवारीपासून आजोबा फार नीरस झालेत."

मी केक खाल्ला. मग त्यांनी विचारलं, "लिझेटचं काय झालं?"

मी विचारलं, लिझेट कोण? त्यांना धक्का बसला. लिझेट म्हणजे आजोबांची गाढवीण. सकाळी कोणी नाव घेऊन नमस्कार केल्याशिवाय ती गोठ्याबाहेर पाऊल टाकत नसे. एकदा जिल्हाधिकारी आला तेव्हा तिने त्याला अर्धा तास दारात अडवून धरलं, कारण तो नमस्कार न करता आत शिरत होता. शेवटी त्याने टोपी काढली.

"तुमच्या पत्नीने मला हे दोनदा वाचून दाखवलं," फ्राऊ ब्राखमान म्हणाल्या. "दुसऱ्यांदा टोपीवर पीसही होतं."

२३ मे, रविवार

चौदा अंश. सबंध डायरी फक्त जनावरांच्या शब्दांसाठी चाळली, दोनशे बारा पानं. बैल आहेत, घोडे आहेत, बरीच गुरं आहेत. "आज आणखी चौदा मिळाली" असं तीन ठिकाणी आहे, कुठून मिळाली ते नाही. गाढव नाही. लिझेट नाही. सुधाच्या डाव्या बाजूलाही नाही.

नकलेत एवढी मोठी चूक सुधा करणार नाही. तिचं काम मी ओळखतो.

२६ मे, बुधवार

पाऊस थांबून थांबून. आज मी वाचण्याऐवजी विचारलं, आजोबांबद्दल तुम्हाला आणखी काय आठवतं? त्या खुर्चीत सरसावून बसल्या.

आजोबा रात्री दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे. मग अंथरुणात पडल्यावर बायकोला विचारायचे, "मी ओढून पाहिलं ना?" आजोबांची सर्वांत मोठी स्तुती म्हणजे "ठीक आहे." बायकोने पहिल्यांदा पाव भाजला तेव्हा "ठीक आहे" म्हणाले आणि ती आनंदाने रडली, कारण त्याआधी दोन वर्षं ते "चालेल"वर होते. सहलीला जायचं असलं की गाडीला बैल जुंपायच्या दोन तास आधी टोपी घालून दारात बसायचे. आणि मुलीच्या लग्नात, पाद्री उभा असताना, फूटपट्टीने झग्याची किनार मोजून सांगितलं की डावीकडे चार मिलिमीटर खाली आहे.

"सहा," मी म्हणालो.

"काय?"

काही नाही म्हणालो. आमच्या मुलीच्या, शिवांगीच्या, लग्नात शालूची किनार होती आणि सहा मिलिमीटर होतं. पाद्री नव्हता, गुरुजी होते. ते बाजूला सरकले होते म्हणून मला मोजता आलं.

फ्राऊ ब्राखमान माझ्याकडे बघत होत्या. "चहा घेणार, हेर लिमये? तुम्ही एकदम लाल झालेले दिसता."

२७ मे, गुरुवार

अठरा अंश. शिवांगीला फोन केला. ती उंटरश्लाइसहाइमला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला म्हणालो, "तुझ्या आईने फ्राऊ ब्राखमान यांची फसवणूक केली."

सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फोन खाली ठेवून पाणी पिऊन आली.

"आल्झो... म्हणजे बाबा, तुला हे आत्ता कळतंय? माझ्या गोष्टींचं पुस्तक होतं ना, त्यात कोल्हा मरायचा. आईने कधीच मारला नाही. मला शाळेत वाचता यायला लागलं तेव्हा कळलं की तो मेलेला आहे. मी वर्गात रडले होते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू तेव्हा माझ्या दप्तराचं वजन करत होतास."

मग तिने विचारलं, उजव्या बाजूला काय लिहिलंय. मी सांगितलं, मी वाचलेलं नाही, तिचं खासगी आहे.

"बाबा. वाच. नाहीतर मी येऊन वाचते."

कागद काढला. पहिल्याच पानावर लिहिलंय: "बुधवारसाठी: आज गुरांच्या याद्या नकोत. म्हातारीला झेपणार नाही. त्याऐवजी कुलूप तीनदा ओढणे." आणि पुढे कंसात: "ह्यांचं."

पूर्ण वही पाहिली. "ह्यांचं" एकसष्ट ठिकाणी आहे. "ह्यांचं, पण थोडं वाढवून" नऊ ठिकाणी. एका ठिकाणी लिहिलंय, "ह्यांचं. वाढवायची गरज नाही."

आणखी एक टीप समजली नाही. २००२च्या मार्चमधली: "आज एका शब्दावर अडले. फ्राऊंनी तिथून वाकून बघून सांगितला. बरोबर होता. आम्ही दोघी काही बोललो नाही." अंदाजाने सांगितला असणार. वयस्कर माणसांना संदर्भावरून पुष्कळ कळतं.

९ जून, बुधवार

दोन आठवडे काही लिहिण्यासारखं नाही. आज पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं बोललो.

कारण असं. खरी डायरी मला फ्राऊ ब्राखमान यांना सांगवत नाही. १९०९ नंतर तिच्यात आहे काय, तर मजुरांना किती फटके दिले त्याची तारीखवार नोंद. सुधा पुढे काय करणार होती ते तिने लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मी स्वतः एक पान रचलं. दोन दिवस लागले. ते असं: "आज पंपाचा वॉशर बदलला. आधी गळती मिनिटाला चाळीस थेंब. नंतर शून्य. समाधान वाटलं."

वाचून मान वर केली नाही.

"समाधान वाटलं," फ्राऊ ब्राखमान म्हणाल्या. "बाप रे. आजोबा वाहवत चालले."

१६ जून, बुधवार

चोवीस अंश. पुन्हा प्रयत्न केला. आजोबांनी बायकोला, आनाला, वाढदिवसाला विहिरीचा नवा रहाट दिला. ती रुसली. तिला रिबीन हवी होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी चाळीस मैल घोड्यावर जाऊन रिबीन आणली, पण रंग विचारायला विसरले, म्हणून प्रत्येक रंगाची एक आणली. आना म्हणाली, "अहो, मला एक डोकं आहे."

फ्राऊ ब्राखमान यांनी कप खाली ठेवला. "हे चांगलं आहे."

खरं म्हणजे रहाट नव्हता, मिक्सर होता. १९८३. रिबिनी नव्हत्या, बांगड्या होत्या, त्या पुण्याहून मागवल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "'अहो' म्हणजे काय?"

मी म्हणालो, आफ्रिकेतला शब्द असावा.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे "अगदी बरोबर."

३० जून, बुधवार

आज येन्स आला होता. वय चाळीसच्या पुढे, दाढी. दर शनिवारी गावातलं छोटं संग्रहालय उघडतो. अकरा ऑगस्टला दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या लढाईला शंभर वर्षं होतात. जर्मन सैन्याने हेरेरो लोकांना हरवून वाळवंटात हाकललं, तिथे ते हजारोंनी मेले. येन्स त्यावर प्रदर्शन करतोय. गावातला एक माणूस तिथे होता म्हटल्यावर त्याला टांटे हिल्डेकडून, म्हणजे फ्राऊ ब्राखमान यांच्याकडून, डायरीतला एक उतारा हवा आहे. मोठ्या फळीवर छापणार आणि उद्घाटनाला वाचणार.

त्या लगेच म्हणाल्या, "विहिरीचा."

मग त्यांनी तोंडपाठ सांगितला. सप्टेंबर १९०४. वाळवंटाच्या कडेला पाण्याची एकच विहीर, त्यावर एर्न्स्ट ब्राखमान यांचा पहारा. कोणाला पाणी घेऊ द्यायचं नाही असा हुकूम. दुपारी काही बायका मुलांना घेऊन आल्या. आजोबांनी पाठ वळवली आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधली. बायकांनी भांडी भरली. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, नाडी तुटली होती.

येन्सचे डोळे भरून आले. "टांटे हिल्डे, हे तू कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

येन्स माझ्याकडे वळला. "हेर लिमये, मला शब्दशः नक्कल द्या. आणि मूळ पानही काचेखाली ठेवू. अठ्ठावीस जुलैपर्यंत."

मी म्हणालो, ठीक आहे.

१ जुलै, गुरुवार

पान सापडलं. १९ सप्टेंबर १९०४. शब्दशः असं आहे:

"स्वच्छ. ऊन फार. पाण्यावर पहारा. सकाळी बायका आणि मुलं आली, सुमारे वीस. हुकमाप्रमाणे गोळी चालवली. अकरा. बाकीचे परत गेले, वाळवंटाकडे. दुपारी बूट दुरुस्त केले. जेवण चांगलं."

सुधाच्या वहीत डाव्या बाजूला हे सगळं जसंच्या तसं उतरवलेलं आहे, एकही शब्द न गाळता. उजव्या बाजूला लिहिलंय, "हे मी वाचणार नाही." खाली नाडीची गोष्ट. "ह्यांचं" असं तिथे नाही.

त्यांचीही नोंद हवामानापासून सुरू होते.

४ जुलै, रविवार

शिवांगीला सांगितलं. ती हसली नाही.

"खरं दिलं तर सगळे म्हणतील आईने तीन वर्षं खोटं वाचलं. तिची कीर्ती काय, तर ह्या गावात तेवढीच आहे. मोडीवाली बाई, जुनी अक्षरं वाचते ती."

"आणि खोटं दिलं तर?"

"तर अकरा लोकांना... बाबा, निश्ट सो आइनफाख, इतकं सोपं नाही ते." पुढे ती जर्मनमध्येच बोलत राहिली. अवघड झालं की ती तिकडे जाते. शेवटी म्हणाली, "तूच ठरव. तू आयुष्यभर माल नाकारत आलास."

नाकारलेल्या मालावर मी लाल चिठ्ठी लावायचो. कोणी केलाय ते बघत नव्हतो. तेव्हा सोपं होतं.

दोन पाकिटं तयार केली. एकात खरं पान, दुसऱ्यात नाडी. दोन्हींवर येन्सचं नाव घातलं. अक्षर एकसारखं आलं.

१५ जुलै, गुरुवार

येन्सचे तीन निरोप आले. आज तो स्वतः आला. मी त्याला खिडकीतून येताना पाहिलं आणि खाली बसलो. बेल वाजली. उठलो नाही. दोन मिनिटांनी बागेतून फ्राऊ ब्राखमान यांचा आवाज आला, "हेर लिमये! तुमचं डोकं दिसतंय!"

मी आणखी खाली सरकलो.

"आता फक्त टक्कल दिसतंय!"

दार उघडलं. येन्सला म्हणालो, ताप आहे. त्याने विचारलं, किती? मी म्हणालो, अडतीस पूर्णांक दोन. खोटं बोलताना आकडा दिला की लोक विश्वास ठेवतात, हे ह्या वयात कळलं.

२१ जुलै, बुधवार

आज सांगून टाकलं.

फ्राऊ ब्राखमान वाटाणे सोलत होत्या. मी उभ्यानेच सुरुवात केली. म्हणालो, माझ्या पत्नीने तुम्हाला डायरी वाचून दाखवली ती डायरी नव्हती. लिझेट नाही. फूटपट्टी नाही. कुलूप माझं आहे. विहिरीची गोष्ट नाही. मग खरं पान वाचलं. "अकरा" म्हणताना त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"आणि तुम्ही येन्सला काय देणार?"

"खरं."

"मला नाडीची गोष्ट आवडते."

"मलाही."

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. घर माझं, आजोबा माझे."

"हो."

"तरी?"

मी म्हणालो, त्या अकरांची कुठे दुसरी नोंद नाही. ही एकच आहे. ती आपण काढून घ्यायची नाही. एवढं लांब वाक्य मी ह्या वर्षात बोललो नव्हतो.

त्यांनी शेंगेतला एक वाटाणा तोंडात टाकला. "लोक सुधाला खोटारडी म्हणतील."

"सुधाने खोटं सांगितलं, हे मी स्वतः उभा राहून सांगेन. का सांगितलं तेही."

"तुम्ही? तीस माणसांसमोर?" त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने. "हेर लिमये, तुम्ही येन्सच्या बेलला घाबरून जमिनीवर झोपलात."

मग म्हणाल्या, डायरी वरून घेऊन या आणि इथे ठेवून जा. येन्सला मी बघते.

डायरी दिली. वर आल्यावर वाटलं, द्यायला नको होती.

७ ऑगस्ट, शनिवार

येन्सचा फोन नाही. फ्राऊ ब्राखमान विषय काढत नाहीत. बुधवारी केक होता, वाचन नव्हतं.

आज सकाळी अकराला बागेतून धूर आला. मी मोज्यांवरच जिना उतरलो. दोन पायऱ्या चुकल्या. बागेत पत्र्याची उंच पेटी, तिच्यातून धूर, शेजारी फ्राऊ ब्राखमान काठी घेऊन.

मी म्हणालो, "जाळू नका!"

त्यांनी पेटीचं दार उघडलं. आत आकड्याला आठ मासे टांगलेले.

"नाही जाळणार," त्या म्हणाल्या. "ट्राउट आहेत, मंद आचेवर धुरावतेय. तुम्ही काय समजलात?"

मी म्हणालो, वास आला.

"गेनाऊ. एक घेऊन जा. आणि पायात काहीतरी घाला."

मी मासे खात नाही, हे त्यांना तेवीस वर्षं माहीत आहे.

११ ऑगस्ट, बुधवार

चार वाजता उद्घाटन. खुर्च्या बत्तीस, माणसं छत्तीस. मी सुधाची वही घेऊन मागच्या रांगेत बसलो. बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, पाच वाक्यं. भिंतीवर नकाशे, फोटो, आणि एक मोठी फळी कापडाने झाकलेली.

येन्सने प्रास्ताविक केलं आणि म्हणाला, आता टांटे हिल्डे बोलतील. मला कळेना. फ्राऊ ब्राखमान उठल्या, काचेच्या पेटीतून डायरी स्वतः काढली आणि पान उघडलं. चष्मा डोक्यावर होता, तो खाली ओढला नाही.

आणि वाचायला लागल्या.

मी सुधाची डावी बाजू उघडली आणि बोट ठेवून मागोमाग चाललो. स्वच्छ. ऊन फार. पाण्यावर पहारा. एकेक शब्द बरोबर. सुधा वाचायची त्याच्या दुप्पट वेगाने, कुठेही न अडखळता. "अकरा" झालं तेव्हा त्या एवढा वेळ थांबल्या की कोणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज ऐकू आला. "जेवण चांगलं." डायरी मिटली.

येन्स म्हणाला, "तुला वाचता येतं?"

"आम्हाला पहिलीपासून हेच अक्षर होतं. मी सगळं आयुष्य ह्याच अक्षरात लिहितेय, तुझ्या वाढदिवसाच्या कार्डांवरसुद्धा."

"मला वाटलं तुझं अक्षर खराब आहे," येन्स म्हणाला.

मग मागून एक म्हातारी हसली आणि लगेच गप्प झाली.

येन्सने कापड काढलं. फळीवर ते पान, मोठ्या अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत: नक्कल, सुधा लिमये. फ्राऊ ब्राखमान यांनी वहीची ती डावी बाजू कधी उतरवून नेली ते मला कळलं नाही. बहुतेक मी औषधाच्या दुकानात गेलो होतो तेव्हा. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे.

मी कागद खिशातून काढला नाही.

परत येताना त्यांनी माझा हात धरला होता, गुडघ्यामुळे. मी विचारलं, कधी वाचली होती?

"चौदाव्या वर्षी. माळ्यावर. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी कुलूप लावलं. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं घरात कोणी ह्याबद्दल बोललं नाही. मग तुमच्या पत्नीने विचारलं, ही डायरी कसली? आणि वाचायला बसल्या, आणि पहिल्याच बुधवारी गुरांच्या यादीच्या जागी माणूस दाराचं कुलूप ओढायला लागला. मला कळलं, ही बाई मला जपतेय. मला इतकं बरं वाटलं की मी गप्प बसले."

"तिला कळलं होतं का, तुम्हाला येतं ते?"

"तुम्हाला काय वाटतं?"

मी विचार केला. म्हणालो, वहीत एक टीप आहे.

"एकच?" त्या म्हणाल्या.

फाटकापाशी म्हणालो, मग येन्सला विहिरीची गोष्ट का दिलीत?

"आवडते म्हणून. तुम्ही नाही म्हणाला नसतात तर मी ती छापू दिली असती. हेही लिहून ठेवा, तुम्ही लिहिता ना रोज." मी डायरी लिहितो हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. "आणि एक, हेर लिमये. आजोबा तुम्ही होतात, ते ठीक. पण लिझेट कोण होती, ते कळलं का?"

"कोण?"

त्या दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आत जाईनात.

"गुटन आबेंट, फ्राऊ ब्राखमान," मी नाव घेऊन नमस्कार केला.

मग गेल्या.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

शिवांगीला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग जर्मनमध्ये गेली. पुढच्या महिन्यात येते म्हणाली, फळी बघायला. मी म्हणालो, शनिवारीच उघडं असतं.

१८ ऑगस्ट, बुधवार

डायरी आता संग्रहालयात आहे. फ्राऊ ब्राखमान ब्राउनश्वाइगला मैत्रिणीकडे गेल्या आहेत, उद्या येतील.

सकाळी संग्रहालय बंद होतं, पण खिडकीतून फळी दिसते. बाहेर उभा राहून वाचली. आधी अकरा, मग खालचं नाव. दोन्ही बरोबर आहेत. फळी उजवीकडे किंचित झुकलेली आहे, तीन मिलिमीटर असेल. येन्सला कळवलेलं नाही.

बाजारातून फरसबी आणली. चार वाजता ओट्यापाशी बसून शिरा काढल्या, बारीक चिरली, मोहरीची फोडणी केली. झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवली. मीठ जरा जास्त झालं. ब्रेडबरोबर खाल्ली आणि कढई घासून पालथी घातली.